नटींचीं आत्मचरित्रें

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेंत नटी येते ती सूत्रधाराच्या हांकेवरून. प्रेक्षकांचें मन रमावें म्हणून तो तिला एखादें ऋतुवर्णन गावयास सांगतो, ती गाते, ‘शाकुंतलां’त तर सूत्रधार त्या गाण्यांत इतका गुंगतो कीं कोणतें नाटक करावयाचें हेंहि विसरतो, आणि तें त्याला नटीनेंच आठवून द्यावें लागतें. मग मुख्य पात्र प्रवेश करतें, ती मुकाट्यानें आंत जाते, आणि पुढच्या सात अंकांत तिचें नांव कोणी काढीत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या रंगभूमीनें ही प्रस्तावना उचलली तेव्हां एवढाच फरक पडला कीं, तेथें नटी झालेलाहि पुरुषच होता. दिवंगत नटींच्या चरित्रांचा विचार करूं लागलें म्हणजे ही प्रस्तावना मनांत येते. आमच्या टीकेनें नटीला आजवर जी वागणूक दिली ती त्या सूत्रधाराच्या वागणुकीहून फारशी निराळी नाहीं.

नटाविषयीं आणि नटीविषयीं आपण जे प्रश्न विचारतों ते एक नसतात. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांवर मराठींत जें लिहिलें गेलें त्यांत शालूची निरी, मान वेळावण्याची लकब, भामिनीचा तोरा आणि सिंधूचें सोसणें यांतील अंतर, हें सारें बारकाईनें नोंदलेलें आढळतें. त्यांचें कर्ज आणि त्यांचा उतारकाळ हींहि आढळतात, परंतु मागाहून. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रां’त (१९१३) तारामती झालेले साळुंके हे मूळचे एका उपाहारगृहांतील आचारी. पुढें ‘लंकादहनां’त (१९१७) राम त्यांनींच केला आणि सीताहि त्यांनींच केली, ही हकीकत चित्रपटाचे इतिहासकार मोठ्या कौतुकानें सांगतात. त्याच १९१३ सालीं ‘मोहिनी भस्मासुरां’त कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत ह्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयीं इतिहासकार मुख्यतः सांगतो तें हें कीं, त्यांना हें काम कां पत्करावें लागलें. नटाचें ‘कसें’ आणि नटीचें ‘कां’ अशी ही वांटणी आहे, आणि शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी ती फारशी हललेली नाहीं.

‘कां’ हा प्रश्न निरर्थक आहे असें मी म्हणत नाहीं. ज्या समाजांत स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल टाकणें हेंच एक धाडस होतें, त्या समाजांत तो विचारला जाणारच. परंतु ह्या एका प्रश्नानें दुसरा प्रश्न पार गिळून टाकला आहे. नटींनीं स्वतः लिहिलेल्या पुस्तकांकडे ह्या दृष्टीनें पाहावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु. त्यासाठीं मीं चार पुस्तकें घेतलीं आहेत: शांता आपटे यांचें ‘जाऊं मी सिनेमांत?’ (१९४०), हंसा वाडकर यांचें ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), लीला चिटणीस यांचें ‘चंदेरी दुनियेंत’ (१९८१) आणि दुर्गा खोटे यांचें ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२). पहिलें काटेकोर अर्थानें आत्मचरित्र नव्हे. तरी तें वगळल्यास उरलेल्या तिहींचा अर्थ नीट लागत नाहीं. चौघीहि आज हयात नाहींत. आपल्यावर काय लिहिलें जातें याचें उत्तर त्या आतां देऊं शकत नाहींत, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

प्रथम नांवेंच पाहावींत. शांताबाईंचें नांव हा प्रश्न आहे, आणि तो दुसऱ्या कोणा मुलीच्या तोंडीं घातलेला आहे. हंसाबाईंचें नांव ही आज्ञा आहे. ‘सांगत्ये’ हें बोलण्यांतलें स्त्रीलिंगी रूप, आणि पाठोपाठ ‘ऐका’, म्हणजे फडावर उभी राहून घातलेली हांकच. दुर्गाबाईंच्या नांवांतील स्वल्पविराम मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘मी, अमुक अमुक, प्रतिज्ञेवर सांगतें’ हा कोर्टांतल्या प्रतिज्ञापत्राचा थाट आहे. प्रश्न, हांक आणि प्रतिज्ञापत्र! कोणी कवि आपल्या आत्मचरित्राला असलीं नांवें सहसा देत नाहीं. समोर कोणी न्यायाधीश बसला आहे अशी जाणीव ज्यांना आयुष्यभर होती त्यांनाच तीं सुचावींत. एकट्या लीलाबाईंचें नांव कांहींसें बेतलेलें, नियतकालिकांच्या सदरासारखें वाटतें.

शांताबाईंपासून (१९१६–१९६४) आरंभ करणें काळाच्या दृष्टीनें सोयीचें आहे, आणि गुणाच्या दृष्टीनेंहि. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं १९३७ मध्यें ‘कुंकू’ काढला. त्यांतील नीरा ही वृद्ध वकिलाच्या गळ्यांत फसवून बांधलेली मुलगी. ह्या चित्रपटांत दिग्दर्शकानें पार्श्वसंगीताचा आधार बुद्ध्याच काढून घेतला आहे. ऐकूं येतात ते घरांतले आणि रस्त्यावरचे आवाज. परिणाम असा झाला कीं, नटीच्या मौनावर पांघरूण घालावयास कांहीं उरलें नाहीं. शांताबाईंनीं हें मौन हालचालीनें भरून काढलें. नीरेचा राग प्रथम शब्दांत येत नाहीं. तो तिच्या चालण्यांत आहे, एकदम वळण्यांत आहे, कोंडलेल्या पोरीनें उगाच एखादी वस्तु उचलून ठेवावी तशा हातांच्या चाळ्यांत आहे. सावत्र मुलगा अंगलट येऊं पाहतो तेव्हां ती त्याला छडीनें झोडपते. ह्या ठिकाणीं नटी किंचाळली असती, कोसळून रडली असती, तर तें रूढीला धरून झालें असतें. शांताबाई ज्या आवेशानें मारतात त्यांत मात्र आत्मरक्षणापेक्षां शिक्षा करण्याचा अधिकार अधिक दिसतो, आणि घराची खरी मालकीण कोण हें त्या एका प्रसंगानें ठरून जातें. समोर केशवराव दाते यांच्यासारखा कसलेला नट काकासाहेबांच्या भूमिकेंत असतां हें साधलें, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. गाणेंहि त्यांचें स्वतःचेंच; आपला गळा आणि आपला देह यांची फारकत करण्याची सोय त्या पिढीला नव्हती.

ह्यानंतर दोनच वर्षांनीं, १९३९ मध्यें, ह्याच शांताबाई करारासंबंधींच्या तंट्यावरून पुण्याच्या ‘प्रभात’ स्टुडिओच्या फाटकाशीं उपोषणास बसल्या. ही हकीकत आजवर एक गंमत म्हणून सांगितली जाते: लहरी नटी, तिचा हट्ट, आणि वर्तमानपत्रांना झालेली मेजवानी! परंतु पुढच्याच वर्षीं निघालेलें ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक हातीं घेतलें म्हणजे त्या उपोषणाचा निराळाच अर्थ लागतो. सिनेमांत जाऊं इच्छिणाऱ्या मुलींसाठीं लिहिलेल्या ह्या पुस्तकांत त्यांना धोक्याच्या सूचना आहेत खऱ्या, पण बदनामीच्या धोक्यापेक्षां ह्या लेखिकेचें लक्ष भांडवल, मजुरी, करार आणि थकवा यांच्याकडे अधिक आहे. चित्रपट हा कारखाना आहे आणि नटी ही त्यांतील कामगार आहे, असें १९४० मध्यें मराठींत स्पष्टपणें मांडणारी ही बाई होती. भाषा कांहीं ठिकाणीं व्याख्यानी झाली आहे. परंतु तिच्या पूर्वीं किंवा नंतर कोणा मोठ्या नटानें आपल्या धंद्याचें इतकें कठोर विवरण केल्याचें मला आठवत नाहीं. आमच्या वाङ्मयेतिहासांत ह्या पुस्तकाला जागा नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे. ज्या रसानें नटीचें पुस्तक उघडावयाचें तो रस त्यांत नाहीं. ज्या आवाराच्या फाटकाशीं त्या बसल्या होत्या त्याच आवारांत १९६० मध्यें सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तेथील अभ्यासक्रमांत हें पुस्तक असावयास हरकत नाहीं, असें सुचवून पुढें जातों.

‘सांगत्ये ऐका’ची गोष्ट अगदीं उलट. हें पुस्तक वाचलें गेलें, गाजलें, आणि त्याच्या गाजण्यानेंच त्याचा घात झाला. हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांचें मूळ नांव रतन साळगांवकर. घराणें कलावंतिणींचें. परकर नेसण्याच्या वयांत, १९३६ सालीं ‘विजयाचीं लग्नें’ ह्या चित्रपटापासून त्या मिळवूं लागल्या, आणि त्यापुढें घर त्यांच्या मिळकतीवर चाललें. त्यांना संसार हवा होता आणि संसाराला त्यांची मिळकत हवी होती; पुस्तकांतील सर्व दुःखाचें मूळ ह्या एका वाक्यांत येतें. वाचकांनीं मात्र लक्षांत ठेविलें तें दारू, परपुरुष, घर सोडून जाणें आणि परत येणें. टीकाकारांनीं ‘धीट’ आणि ‘प्रांजळ’ हीं दोन विशेषणें बहाल केलीं. ‘प्रांजळ’ हें विशेषण साक्षीदाराला शोभतें. लेखकाला तें लावलें कीं त्याच्या लेखनाविषयीं बोलण्याची जरूरी उरत नाहीं. वर्गांत ह्या पुस्तकावर बोलत असतां विद्यार्थ्यांचे प्रश्न ऐकावे. पुढें काय झालें, नवऱ्यानें काय केलें, तो मनुष्य कोण होता? ‘संत सखू’ (१९४१) मध्यें त्यांनीं काय केलें, असें विचारणारा विद्यार्थी मला अद्याप भेटावयाचा आहे.

हें कथन अरुण साधू यांनीं शब्दांकित केलें, प्रथम तें ‘माणूस’मध्यें आलें, आणि नंतर ग्रंथरूप झालें. तेव्हां त्यांतील वाक्य कोणाचें, हा प्रश्न उद्भवतो. माझें मत असें कीं, येथें दोन हातांचा संयोग लाभदायक ठरला. पत्रकाराच्या सवयीनें अलंकार गाळले गेले, आणि सांगणाऱ्या बाईच्या स्वभावानें कींव गाळली गेली. भयंकर प्रसंग दोन-चार आंखूड वाक्यांत आटपतो व पुढच्या वाक्यांत पुन्हा शूटिंगची वेळ झालेली असते. दुःखावर रेंगाळणें हा आमच्या आत्मचरित्रांचा नेहमींचा दोष. तो येथें नाहीं. चार पुस्तकांत गद्य म्हणून हेंच सर्वांत श्रेष्ठ, असें मी निःशंकपणें म्हणेन. पण त्यांतहि भूमिकांचीं नांवें येतात, स्टुडिओंचीं नांवें येतात. भूमिका कशी उभी केली हें क्वचित् येतें.

आणि भूमिका तर लहान नव्हत्या. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) मध्यें जयराम शिलेदारांसमोर उभी राहिलेली त्यांची बया ही शाहिराच्या विद्वत्तेला नमत नाहीं आणि तिची टरहि उडवीत नाहीं. दोन कलावंत एकमेकांस जोखीत आहेत असें वाटतें. नंतर १९५९ मध्यें अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला व पुण्याच्या विजयानंद थिएटरांत दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यांतील जो नाच लोकांच्या स्मरणांत राहिला तो जयश्री गडकर यांचा. हंसाबाईंच्या वांट्यास वय चढत जाणाऱ्या तमासगीर बाईचें काम आलें. छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं तें असें केलें आहे कीं, तरुण नर्तकीच्या प्रत्येक ठुमक्यामागें ह्या बाईच्या नजरेची तालीम आहे असा भास व्हावा. त्यांनीं आत्मचरित्राला ह्याच चित्रपटाचें नांव दिलें. आपलें काम आपल्या आयुष्यापेक्षां मोठें होतें असें स्वतः बाईंना वाटत होतें याला याहून दुसरा पुरावा कशाला हवा? आम्हीं मात्र नांवाकडे केवळ खुबीदार शीर्षक म्हणून पाहिलें. श्याम बेनेगल यांनीं ह्या पुस्तकावरून १९७७ मध्यें चित्रपट काढला तेव्हां त्याचें नांव ‘भूमिका’ ठेविलें. एका परभाषेंतील दिग्दर्शकाला जें दिसलें तें आमच्या परीक्षणांना दिसूं नये, याचें वैषम्य वाटतें. त्यांत काम करणाऱ्या स्मिता पाटील ह्याहि १९८६ सालीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं गेल्या. त्यांच्याविषयींच्या लेखनाचाहि ओघ पुन्हा त्याच ‘कां’कडे वळलेला आहे.

दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांच्या पुस्तकांतला सूर वेगळा. माहेर लाडांचें, सासर खोट्यांचें, शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजांतलें. पण घरची मिळकत बुडालेली, सव्विसाव्या वर्षीं वैधव्य, आणि पदरीं दोन मुलगे. ‘फरेबी जाल’ (१९३१) ह्या चित्रांत त्यांनीं लहानसें काम केलें आणि कुलीन घराण्याचें नांव जाहिरातींत झळकल्यामुळें समाजांत जो गहजब झाला तो त्यांनीं सविस्तर सांगितला आहे. पुढच्याच वर्षीं ‘अयोध्येचा राजा’ निघाला आणि तारामतीनें तो गहजब मिटविला. सारी मंडळी ही हकीकत सांगतात ती कुलीन स्त्रियांनीं चित्रपटांत येण्याचा मार्ग मोकळा झाला म्हणून. मला त्यांच्या पुस्तकांत अधिक लक्षणीय वाटते ती व्यवहारबुद्धि. एका कंपनीच्या मासिक पगारावर बांधून घेण्याचा तो काळ; दुर्गाबाई ‘प्रभात’, कलकत्त्याची ‘न्यू थिएटर्स’, तेथलीच ‘ईस्ट इंडिया’ अशा मोकळेपणानें फिरल्या, आणि १९३७ मध्यें ‘साथी’ हें चित्र स्वतःच निर्माण व दिग्दर्शित करून मोकळ्या झाल्या. शांताबाईंनीं फाटकाशीं बसून जें मागितलें तें दुर्गाबाईंनीं आधींच दुसऱ्या दरवाजानें मिळविलें होतें. अर्थात् तो दरवाजा त्यांना उघडा होता याला घराण्याचें नांवहि कारणीभूत होतेंच. हंसाबाईंना तें भांडवल नव्हतें.

‘अमरज्योति’ (१९३६) मध्यें दुर्गाबाई आणि शांताबाई ह्या दोघीहि आहेत. दुर्गाबाईंची सौदामिनी ही पोटच्या मुलाचा ताबा नाकारला गेल्यामुळें राज्याशीं वैर धरून समुद्रावर लुटारू झालेली स्त्री. संवाद आज नाटकी वाटतात, प्रसंग ताणलेले वाटतात. तरी दुर्गाबाई नुसत्या उभ्या राहतात त्यांतच अधिकार आहे. उंचीचा आणि आवाजाचा असा उपयोग त्या काळीं पडद्यावर नटांनाहि क्वचित् साधला. आणि मग त्यांनीं एक असें पाऊल उचललें कीं ज्याची वाखाणणी पुरेशी झालेली नाहीं. नायिकेचें वय सरण्याची वाट न पाहतां, छत्तिसाव्या वर्षीं, अत्र्यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) मध्यें त्यांनीं खाष्ट सासू केली, आणि पाठोपाठ ‘भरतभेट’ (१९४२) मध्यें कैकेयी. ‘सीता’ (१९३४) मध्यें पृथ्वीराज कपूर राम आणि त्या सीता; ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्यें तोच अकबर आणि ह्या जोधाबाई. सव्वीस वर्षांनीं तीच जोडी समोरासमोर आली तेव्हां पृथ्वीराजांच्या गर्जनेला दुर्गाबाईंनीं आवाज चढवून उत्तर दिलें नाहीं. पति आणि पुत्र यांच्यामध्यें सांपडलेल्या राणीनें बोलणें कमी केलें आहे, आणि त्यामुळें गर्जना पोकळ वाटूं लागते.

लीला चिटणीस यांच्यावर थोडक्यांत लिहितों, कारण त्यांच्या पुस्तकापेक्षां त्यांच्या कारकीर्दीची गणितेंच अधिक बोलकीं आहेत. त्या पदवीधर होत्या, आणि ‘जंटलमन डाकू’ (१९३७) ची जाहिरात करतांना त्यांची पदवी चेहऱ्याइतकीच ठळक वापरली गेली. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०), ‘झूला’ (१९४१) ह्या तिन्हींत नायक अशोककुमार, नायिका लीलाबाई. १९४१ मध्यें साबणाच्या जाहिरातींतहि त्यांचाच चेहरा. आणि १९४८ च्या ‘शहीद’ मध्यें त्या दिलीपकुमारांची आई होतात, तर १९४९ च्या ‘महल’ मध्यें अशोककुमार मधुबालेचे नायक असतात. दोघांच्या वयांत सांगण्यासारखा फरक नव्हता. त्यानंतर त्यांनीं पडद्यावर ज्या असंख्य आया केल्या त्यांत ठरीव सोशिकपणा फार झाला हें कबूल. परंतु ‘आवारा’ (१९५१) मधील टाकून दिलेली आई पाहावी आणि मग ठरीव कोण होतें, नटी कीं लेखक, याचा निवाडा करावा. २००३ सालीं त्या अमेरिकेंत वारल्या तेव्हां मृत्युलेखांनीं साबणाची आठवण चुकूं दिली नाहीं.

नटींच्या ह्या पुस्तकांत अभिनयाविषयीं इतकें थोडें कां, याचें उत्तर नटींना अभिनयाविषयीं सांगण्यासारखें नव्हतें असें खचित नाहीं. इंग्लंडची एलन टेरी (१८४७–१९२८) हिनें १९०८ मध्यें आत्मचरित्र लिहिलें त्यांत भूमिकांविषयींचीं तिचीं मतें जागोजागीं आहेत. शिवाय शेक्सपिअरच्या नायिकांवर तिनें हिंडून व्याख्यानें दिलीं, आणि तीं तिच्या पश्चात् १९३२ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. तिला तसें बोलावणारे लोक होते. दुर्गाबाईंना तारामतीवर किंवा कैकेयीवर दोन व्याख्यानें द्या म्हणून आग्रह करावा, शांताबाईंना ‘कुंकवां’तल्या मौनाविषयीं विचारावें, असें आमच्या किती व्याख्यानमालांना सुचलें? जें विचारलें जातें तेंच माणूस सांगतो. नटींना आयुष्याविषयीं विचारलें गेलें, त्यांनीं आयुष्य सांगितलें. आणि आपण तें हावरेपणानें वाचून वर त्यांनाच आत्मकेंद्रित ठरविलें.

चित्रपटापुरतें हें नुकसान अजून भरून निघण्यासारखें आहे. ‘आलम आरा’ नाहींसा झाला, पण ‘अयोध्येचा राजा’ उपलब्ध आहे. आज हातीं असलेल्या भारतीय बोलपटांत तोच सर्वांत जुना. ज्याला इच्छा असेल त्यानें तारामती डोळ्यांनीं पाहावी आणि मग लिहावें. रंगभूमीवर मात्र ही सोय नाहीं. १९५४ मध्यें मुंबई मराठी साहित्य संघानें शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ केला. ‘मॅक्बेथ’च्या त्या मराठी अवतारांत लेडी मॅक्बेथची जागा दुर्गाबाईंची होती. झोपेंत चालणाऱ्या त्या राणीनें हात कसे धुतले, दिवा कोठें ठेविला, शेवटचा शब्द श्वासावर टाकला कीं आवाजावर, हें त्या रात्रीं पहिल्या रांगेंत बसलेल्या कोणा परीक्षकानेंच लिहून ठेवावयाचें होतें.